पेठेतल्या जुन्या घराला ‘जॉर्जियन’ खिडक्या बसवू द्याव्यात का?

पेठेतली माई (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. इथे मी आजवर सांदणं आणि सोलं यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आज घराचं विचारायचंय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं माहेरचं घर वेंगुर्ल्याच्या बाजारात, अगदी रस्त्याला लागून. पुढे खळं, बाजूला मांगर असलं काही नाही. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती आणि मधे हे चिंचोळं, खोल घर. तोंडाला जेमतेम १८ फूट, पण विहिरीपर्यंत चालत गेलात तर ९० भरेल. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढल्या की पडवी, पडवीतच दुकानाचा गाळा, मागे ओटी, मग माजघर (भर दुपारी दिवा लावावा लागतो), मग हातभर चौक आणि तुळस, स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर. माडी फक्त पुढच्या अर्ध्यावर, दुकान आणि ओटीच्या डोक्यावर. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, दीड हात जाड. वर मंगलोरी कौलं. माडीच्या एका खिडकीला अजून शिंपल्यांची तावदानं आहेत, गोव्याकडे असतात तशी.

दुकानाला शटर नाही, फळ्या आहेत. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांना सांगते: खाली उंबऱ्यात आणि वर तुळईत खाच असते. एकेक उभी फळी त्या खाचेत सरकवत न्यायची, शेवटच्या फळीला अडसर आणि कुलूप. आमच्या अकरा फळ्या. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला पटाशीने आकडा कोरलाय, कारण क्रम चुकला की शेवटची बसत नाही म्हणजे नाहीच. दहावी वाळवीने खाल्ली, तिथे वडिलांनी पत्रा ठोकला, तो ‘तात्पुरता’ पत्रा माझ्या वयाच्या आसपास असेल. सहाव्या फळीला छातीच्या उंचीवर वीतभर आडवी चीर आहे. ती पोस्टाची.

आजोबांच्या वेळी इथे नारळ, सुपारी, मीठ यांचा व्यापार. माल बंदरावर जायचा, बोटीवर चढायचा. धंदा बसला तसा गाळा पोस्टाला भाड्याने दिला. मी सातवीत जाईपर्यंत पोस्ट आमच्या पडवीत होतं. रात्रीही पत्र टाकता यावं म्हणून फळीला ती चीर पाडली. मुंबईच्या मनीऑर्डरी यायच्या दिवसांत बायका पायरीवर बसून राहायच्या, आई आतून तांब्याभर पाणी आणून द्यायची. अंगठा उठवून झाला की बोट पुसायला भिंत असायचीच. पोस्ट हललं, तिथे आत्याचा शिवणक्लास आला. नंतर काजूबियांचं गोदाम. मार्च ते मे उशीलासुद्धा तो वास. मग एक एसटी कंडक्टर बिऱ्हाड घेऊन राहिले, त्यांनी माजघरात प्लायवूडचं पार्टिशन घातलं. गेली सहा वर्षं घर बंद. मी बँकेतून निवृत्त होऊन मुंबईहून आले आणि कुलूप उघडलं.

भाच्याच्या डोक्यात होमस्टे आहे. त्याने एक डिझायनर आणला. मुलगा गुणी आहे, पण लॅपटॉपवर त्याने जे दाखवलं त्याचं नाव ‘जॉर्जियन टाउनहाऊस थीम’. फळ्या काढून तिथे काळा चकचकीत दरवाजा, त्यावर उघडलेल्या पंख्यासारखी अर्धगोल काच, शेजारी दोन पांढरे खांब. माडीला वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या. आणि पुढचं छप्पर कापून भिंत वर उचलायची, म्हणजे रस्त्यावरून कौलं दिसायला नकोत! मी म्हटलं, “अरे बाबा, हा कुठला जॉर्ज?” तर म्हणाला, “आत्या, गेस्टना क्लासी वाटतं.”

भाचा म्हणतो, थीम नको ना, मग घर मूळ रूपात नेऊ. पार्टिशन, पोस्टाच्या खुणा सगळं उपटायचं आणि आजोबांच्या वेळचं दुकान उभं करायचं. चीर बुजवून फळी पॉलिश. मला हेही पटेना. का ते धड सांगता येत नाही.

तर असल्या खिडक्या आपल्याकडे टिकतात का? आणि चीर बुजवू द्यावी का? जाता जाता अजून एक. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराचं ऐकून विहिरीकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिल्याच पावसानंतर फुगे आले. आता नखाने दाबलं तरी पापुद्रा सुटतो आणि त्याच्या पाठीला चिऱ्याची लाल भुकटी चिकटून येते. काय करू?

चिरेखाणवाला (कुडाळ)

माई, खिडकेचा मागाहून बोलू, आधी भिंतीचा. सिमेंट काढा. चिरो म्हणजे भोकाभोकांचो दगड. पाणी पिता आणि ऊन पडला की सोडता. वरसून सिमेंटचो थर मारलास तर पिलेला पाणी जातला खंय?

बाकी मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरचे लोक अर्थ विचारत बसतील.

चिरा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो, आमचे लोक त्याला कुऱ्हाडीने तासतात. वाऱ्याला ठेवला की कडक होतो. बुकानन नावाच्या सरकारी डॉक्टरने १८०७ साली याला लॅटराइट हे नाव दिलं, लॅटिनमध्ये विटेला लॅटर म्हणतात म्हणून. म्हणजे दगडातली वीटच. आतला ओलावा बाहेर पडायला वाट लागते. वाट बंद झाली की क्षार पृष्ठभागामागे साठतात आणि चिऱ्याचा चेहराच घेऊन खाली येतात. तुमच्या नखाला लागते ती भुकटी तीच.

सिमेंट छिन्नी आणि हलक्या हातोडीने सोडवा. ब्रेकर आणला तर मला फोटोही दाखवू नका. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी राहू दे. मग चुना आणि धुतलेली वाळू, एकास तीन. चुना आधी पाण्यात मुरवून ठेवायचा, आमचे म्हातारे गवंडी म्हणायचे की जितका मुरेल तितका हाताला लोण्यासारखा लागतो. विहिरीकडची भिंत असल्याने जोत्याजवळ पाणी साचतं का तेही बघा. बऱ्याचदा दोष भिंतीत नसतो, बाहेरची माती वर्षानुवर्षं चढत आलेली असते. फावड्याने वीतभर उतरवली की निम्मं काम होतं.

आणि छप्पर कापायला निघालेल्या त्या मुलाला जुलैत चार रात्री तुमच्या माडीवर झोपायला सांगा. आपल्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि वाऱ्याबरोबर आडवा. पागोळी भिंतीपासून दोन हात लांब पडते म्हणून भिंत उभी आहे. आमच्या लहानपणी तेवढ्यानेही भागत नसे, पश्चिमेला झावळ्यांची झड बांधायचो.

दोन आण्यांचा हिस्सेदार

चुना, खिडक्या सगळं ठीक. मिळकत पत्रिकेवर नावं किती ते माईंनी लिहिलंच नाही.

आमच्या घरावर सतरा नावं आहेत. त्यातली चार माणसं वारली, एक कॅनडात, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कौलं परतायची म्हटलं तर सतरा जणांची संमती हवी होती. छप्पर कोसळलं तेव्हा मात्र एकाचीही लागली नाही.

आधी वाटणीपत्र, नंतर जॉर्ज.

ड्रॉइंगमास्तर (मालवण)

निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे न विचारता शिकवायची खोड आहे.

इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० असे ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळातली घरं ती जॉर्जियन. आता तुमच्या डिझायनरला आवडलेली एकेक गोष्ट घ्या. छपरासमोर उचललेली भिंत ही लंडनमध्ये शोभेपेक्षा आगीच्या भीतीने रुळली. १६६६ च्या मोठ्या आगीने शहराला धडा दिला होता. रस्त्याकडच्या लाकडी वळचणीवर १७०७ च्या कायद्याने बंदी घातली, म्हणून लोकांनी विटांची भिंतच छपराच्या वर नेली. १७०९ ला आणखी कायदा आला की खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून चार इंच आत घ्या. १७७४ ला तर चौकटीची लाकडी पेटी विटांमागे लपवायला लावली. आज ज्याला आपण नजाकत म्हणतो, त्यातलं बरंच बंबवाल्यांच्या काळजीतून आलेलं आहे.

खिडकीच्या त्या पेटीत दोरी, कप्पी आणि लोखंडाची किंवा शिशाची वजनं असतात. झडप वर ढकलली की वजन खाली जातं, म्हणून ती हवी तिथे थांबते. छान युक्ती. पण दोन झडपा एकमेकींमागे सरकत असल्याने कितीही केलं तरी खिडकी निम्मीच उघडते. वेंगुर्ल्याच्या मे महिन्यात निम्मी खिडकी! शिवाय पेटीतला अंधार म्हणजे वाळवीला आमंत्रण, आणि खाऱ्या हवेत कप्प्यांचं काय होईल ते तुमच्या विहिरीच्या रहाटाला विचारा.

त्यांची तावदानं लहान लहान का? काच फुंकून, गरगर फिरवून तिची थाळी करायची आणि तिच्यातून तुकडे कापायचे. मोठा तुकडा निघायचाच नाही. तुमच्या माडीवर शिंपल्याचं तावदान आहे म्हणता, तोच हिशेब. शिंपला जेवढा, तेवढं तावदान. माई, ती एक खिडकी कुणालाही विकू नका. पॉलिशही नको.

(इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, लोकांनी कर वाचवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. पालिकेत कुणाला सांगू नका.)

पेठेतली माई

मास्तर, रहाट गंजूनच बंद आहे, बरोबर ओळखलंत. हिस्सेदार भाऊ, आमची नावं पाच. तीन तयार, एक ‘बघू’, एक फोन घेत नाही.

चिरेखाणवाले, मागच्या पडवीतून बाहेर बघितलं. माती खरंच जोत्याच्या वर आलीय, पहिला चिरा दिसतच नाही. उद्या गडी बोलावते.

पण चिरीबद्दल कुणीच बोललं नाहीत.

मालगुंडची, मु. डब्लिन

माई, मी बोलते. डिझायनरने दाखवलेलं घर ज्या शहरांत ओळीने उभं आहे त्यातल्या एकात मी अकरा वर्षं नर्सिंग करतेय. हॉस्पिटलला जाताना बस असल्याच घरांसमोरून जाते.

आधी एक गंमत. तुम्ही तुमच्या घराचं वर्णन केलंत ना, चिंचोळं, खोल, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, ते वाचून मला वाटलं इथल्याच एखाद्या घराचं लिहिताय. फक्त इथे ते आडवं न पसरता उभं गेलंय. जमिनीखाली स्वयंपाकघर आणि कोळसा. रस्त्याच्या पातळीला जेवणाची खोली. पाहुण्यांसाठीचे दिवाणखाने त्याच्या वरच्या मजल्यावर, म्हणून सगळ्यात उंच खिडक्या तिथे. वर जावं तशा खिडक्या बुटक्या होत जातात, मुलं आणि नोकर वरती. आमच्या मालगुंडच्या घरात पाहुणा किती मानाचा ते तो ओटीवर थांबतो की माजघरात येतो यावरून कळायचं, इथे किती जिने चढतो यावरून. बाहेरून मात्र साधी विटांची भिंत, श्रीमंती सगळी आत.

आणि तो दारावरचा पंखा! दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या घरात दार लावलं की आतला बोळ काळोखा, म्हणून दाराच्या डोक्यावर काच. तुमच्या माजघराचं दुखणं तेच आहे, आणि आपल्याकडे त्यावर काचेचं कौल हा उपाय आहेच. माजघरावर माडी नाही म्हणताय, मग तीन-चार कौलं बदला. झाला तुमचा जॉर्जियन पंखा.

आता चीर. गेल्या वर्षी आई इकडे आली होती. तिला हेन्रिएटा स्ट्रीटवर चौदा नंबरचं घर दाखवायला नेलं. रस्ता १७२० च्या दशकात ल्यूक गार्डिनर नावाच्या माणसाने आखला, हे घर १७४० च्या दशकाच्या शेवटी बांधलं. लॉर्ड लोकांसाठी. इथली, म्हणजे आयर्लंडची, पार्लमेंट १८०१ पासून लंडनला गेली, तिच्यामागे लॉर्डही गेले. मग घरात वकील आले, कर्जबाजारी जमीनदारांच्या जमिनी विकणारं कोर्ट आलं, सैनिकांची बराक आली. १८७७ साली नव्या मालकाने थोरला जिना उपटला, त्या जागेतही खोल्या काढल्या आणि एकेक खोली भाड्याने लावली. १९११ च्या जनगणनेला त्या एका घरात १०० माणसं राहत होती. डोक्यावर नक्षीचं छत, खाली वाळत घातलेले कपडे. शेवटची बिऱ्हाडं १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडली.

आईला गाइडचं इंग्रजी निम्मं कळत होतं, निम्मं मी कानात सांगत होते. जिन्याकडच्या भिंतीपाशी ती थांबली ती थांबलीच. भिंत एका पट्ट्यात निळी, एका पट्ट्यात लाल, पोपडे आलेली. आई म्हणाली, “अगो, ही तर नीळ!” मी म्हटलं, काहीतरीच काय. गाइडला विचारलं. तो म्हणाला, हो, रेकिट्स ब्लू, कपड्यांना घालायची, तीच चुन्यात कालवून भिंतींना लावायचे. रेकिट म्हणजे आपल्याकडे रॉबिन ब्लू विकते तीच कंपनी. आणि लाल रंग म्हणजे रॅडल, अर्थात गेरू. दिवाळीच्या आधी आमचे बाबा बादलीत चुना, नीळ आणि थोडा डिंक घालून काठीने ढवळायचे. आईला लॉर्डच्या छताचं काही वाटलं नाही, त्या भिंतीला मात्र तिने गाइडची नजर चुकवून हात लावला.

ते घर दुरुस्त करणाऱ्यांपुढे तुमच्या भाच्याचाच प्रश्न होता. मूळ रूप म्हणजे कुठलं? लॉर्डचं की शंभर माणसांचं? त्यांनी काही खोल्या थाटाच्या ठेवल्या, काही भाडेकरूंच्या, आणि तो निळा-लाल जिना होता तसा राहू दिला. दुरुस्तीला दहाएक वर्षं लागली, २०१८ ला संग्रहालय म्हणून उघडलं. लोक रांगा लावून येतात आणि मला तरी सगळ्यात जास्त फोटो त्या पोपड्यांचे काढताना दिसतात.

भाच्याला सांगा, आजोबांचं दुकान त्याने बघितलेलं नाही, तुम्हीही नीटसं नाही. पोस्ट तुम्ही बघितलंय.

आणि पाऊस! इथे वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बारा महिन्यांत वाटून. आपल्याकडे तेवढा जूनचा एक चांगला पंधरवडा देतो. छप्पर कापू नका.

दोन आण्यांचा हिस्सेदार

शंभर माणसं आणि मालक एक. नशीबवान घर.

पेठेतली माई

मालगुंडची, तुझी पोस्ट भाच्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, पण उठून ओटीच्या भिंतीपाशी गेला. तिथे कॅलेंडरच्या मागे खिळ्याभोवती चुना निघालाय, खाली फिकट निळा थर आणि त्याच्याही खाली पिवळसर. हे इतकी वर्षं कुणीच बघितलं नव्हतं. बोटांचे शाईचे ठसे मात्र सापडत नाहीत, त्यावर कंडक्टरांनी ऑइलपेंट मारलाय. निघेल का तो? की तोही आता त्यांचा म्हणून ठेवायचा? हसू नका, मी खरंच विचारतेय. प्लायवूड तेवढं काढणार आहे, त्याच्याबद्दल मला काडीची माया नाही.

परवा डिझायनर आला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. अकराच्या अकरा फळ्या काढून पडवीत टेकवून ठेवल्या होत्या, म्हटलं, “लाव बघू.” त्याने भराभर लावल्या, दहा बसल्या, अकरावी दोन बोटं राहिली. पुन्हा काढल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घाम पुसताना त्याला आतले आकडे दिसले. सात आणि सहाची अदलाबदल झाली होती. बरोबर लावल्यावर शेवटची फळी ठप्पकन बसली, तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं ते लॅपटॉपवर मला एकदाही दिसलं नव्हतं. मग बाहेर जाऊन त्याने चिरीतून आत बघितलं, हात घातला, आणि विचारलं, “आत्या, पत्रं पडायची कुठे?” खाली लाकडी पेटी असायची, ती आता माळ्यावर आहे, आईने तिच्यात आमसुलं ठेवायला सुरुवात केली होती.

चीर राहतेय. छप्पर राहतंय. माजघरावर चार काचेची कौलं सांगितलीत. माती उतरवली, पहिला चिरा वर आला, त्याच्याखाली अजून एक निघाला. पाचवी सही बाकी आहे, माणूस अजून फोन घेत नाही.

दहावी फळी नवीन करायला टाकली, फणसाची. सुतार विचारत होता, आकडा मराठीत कोरू की इंग्रजीत. पत्रा त्याने भंगारात मागितला होता, दिला नाही.

चिरेखाणवाले, मुरवलेला चुना तुमच्याकडे तयार मिळेल का, आणि किती पोती लागतील? भिंत १४ फूट लांब, ९ फूट उंच.